कळण्याचं पीठ आणि मऊ भात

मी देश सोडायला निघाले त्या सकाळी दोंडाईच्याच्या स्टेशनवर माय रडत होती आणि नाना पिठाबद्दल बोलत होते. नाना म्हणजे माझे वडील. माझ्या बॅगेची चेन अर्धी उघडून ते मला दाखवत होते की पाच किलो कळण्याचं पीठ नेमकं कुठं ठेवलंय, त्याला आतून दुसरी पिशवी कशी लावलीय आणि तिकडं पोचल्यावर आधी ते चांगलं उन्हात पसरायचं. "नाना, तिकडं ऊन नसतं हो," मी म्हटलं. ऊन नाही असाही मुलूख असतो हे त्यांना काही पटलं नाही. गाडी हलली तसे ते खिडकीबरोबर चार पावलं चालले आणि म्हणाले, "पीठ चाळू नको बरं, बेटा." त्याला तेरा वर्षं झाली. निरोपाचे शब्द म्हणून माझ्या वाट्याला एवढेच आलेत.

ज्यांचं खानदेशाकडं कधी जाणं झालं नाही त्यांना सांगायला हवं. कळणा म्हणजे ज्वारी आणि सालासकट उडीद एकत्र करून जरा जाडसर दळलेलं पीठ. त्याची भाकरी काळपट होते, खरबरीत होते, आणि ठेचा नि कच्च्या तेलाबरोबर खाल्ली की दुपारपर्यंत पोट भरलेलं राहतं. शिंदखेडा तालुक्यातल्या आमच्या गावात गिरणी एकच, नानांची. पीठ पडायला लागलं की ते अंगठा आणि बोटात चिमूट चोळून बघत आणि दगड थोडा सैल किंवा घट्ट करत. कुणी बाई "नाना, जरा बारीक दळा, नंतर चाळते मी" असं म्हणाली की संपलंच. "कोंडा काढी टाका तं मंग खावाले काय राह्यनं?" हे ते इतक्या दुःखानं विचारत की ती बिचारी गुन्हा केल्यासारखी डबा उचलून निघायची. पेपरात तंतुमय पदार्थांवर लेख आला की नाना तो कापून गिरणीच्या भिंतीला खळीनं चिकटवत. उलट बाजूचाही एक लेख एकदा आला होता, जास्त कोंड्यानं पोट फुगतं असं काहीतरी. तो मीच त्यांना वाचून दाखवला. तो भिंतीवर गेला नाही.

आमच्या घरात ख्यालीखुशालीचा पहिला प्रश्न "पोट साफ व्हयनं का?" हाच असायचा. पाहुण्यांना, शेजाऱ्यांना, परीक्षेला निघालेल्या मला. जामनेरहून मला बघायला आलेल्या मुलालाही नानांनी चहाच्या आधी तोच प्रश्न विचारला. तो मुलगा एकदम लाल झाला आणि त्याच्या आईनं बशी खाली ठेवली. ते स्थळ पुन्हा आलं नाही. दोष नानांच्या प्रश्नाचा की माझ्या नाकाचा, हे आजवर समजलेलं नाही. त्यानंतरही दोन-चार स्थळं आली आणि गेली. मग मी धुळ्याला बी.एस्सी. केलं, जळगावला नोकरी केली, आणि तिशी जवळ आल्यावर कॅनडातल्या एका कॉलेजात अन्न तपासणीचा कोर्स करायला निघाले. गावात बरीच कुजबुज झाली. नाना फक्त एवढंच म्हणाले, की धान्याचंच शिक्षण आहे ना, मग जाऊ द्या.

इथं मी राहते तो भाग सपाट आहे, बर्फ नसेल तेव्हा शेतंच शेतं, गहू, ओट्स, मसूर. ओट्स दळणाऱ्या एका मोठ्या कारखान्याच्या लॅबमध्ये मी काम करते. प्रत्येक घाण्यातलं फायबर मोजायचं, आकडा लिहायचा, सही करायची. तो आकडा पुढं खोक्यावर मोठ्या अक्षरात छापला जातो. नोकरी लागली तेव्हा मी नानांना फोनवर समजावून सांगितलं, की इथं आधी धान्याचा कोंडा काढून टाकतात, पांढरं पीठ विकतात, आणि मग तोच कोंडा खोक्यात भरून जास्त भावानं परत विकतात. पलीकडून बराच वेळ आवाजच आला नाही. मला वाटलं फोन कट झाला. नाना हसत होते. त्यांना श्वास घेता येईना इतके हसत होते, आणि मागून माय "काय व्हयनं, काय व्हयनं" म्हणत होती. त्या दिवशी मी परदेशात पहिल्यांदा खुशीत झोपले.

आमच्या कारखान्याच्या जेवणाच्या खोलीत तीच भांडणं चालतात जी नानांच्या गिरणीत चालायची, फक्त इंग्रजीत. माझ्या डाव्या बाजूला मार्लीन बसते. साठीची, उंच, प्रेमळ बाई. ती दह्यावर, सूपवर, सगळ्यावर चमचाभर कोंडा टाकते आणि सांगते की माणसाचे सगळे रोग आतड्यात सुरू होतात. उजव्या बाजूला डग बसतो. त्यानं दोन वर्षांपूर्वी भाज्या, धान्य, फळं, सगळं सोडलं. तो फक्त मांस आणि अंडी खातो आणि म्हणतो की फायबर म्हणजे खोक्याचा पुठ्ठा, माणसाला त्याची काही गरज नाही, आपण इथं पुठ्ठा मोजायचा पगार घेतो. मार्लीन त्याला सांगते की तू लवकर मरशील. तो तिला सांगतो की तुझं पोट ढोलासारखं वाजतं ते मला इथपर्यंत ऐकू येतं. दोघं रोज भांडतात आणि रोज त्याच खुर्च्यांवर येऊन बसतात. मी सुरुवातीला मार्लीनच्या बाजूनं बोलायचे. नानांची मुलगी दुसरं काय बोलणार? मी कळण्याची भाकरी नेऊन तिला तुकडा दिला होता. तिनं डोळे मिटून चावला आणि म्हणाली, हे तर औषध आहे.

मग माझं पोट दुखायला लागलं.

आधी जेवणानंतर तासाभरानं मुरडा यायचा. मला वाटलं बाहेरचं खाल्लं असेल, भाकरी जास्त खायला हवी. मी जास्त खाल्ली. दुखणं वाढलं, वजन उतरलं, जुने कपडे अंगावर लोंबायला लागले. तपासण्या झाल्या. डॉक्टरनं कागदावर एक नळी काढली आणि मधेच ती चिमटीत धरल्यासारखी बारीक करून दाखवली. लहान आतड्याला सूज येऊन येऊन एक जागा अरुंद झाली होती. हा जन्माचा सोबती आहे, औषधांनी आवरतो, जात नाही, असं तिनं नीट, न घाबरवता सांगितलं. आहारतज्ज्ञ बाईनं मला एक यादी दिली. पांढरा पाव, पांढरा तांदूळ, सोललेला बटाटा, गाळलेलं सूप. सालं नकोत, बिया नकोत, जाडंभरडं धान्य नको, सालाची डाळ तर अजिबात नको. नानांनी जे जे जन्मभर रोग्याचं म्हणून हिणवलं ते एका बाजूला, आणि जे जे मला हातानं भरवलं ते दुसऱ्या बाजूला, लाल शाईत. मी तिला विचारलं, की मग खरं कोणतं? मी फायबरच मोजते, माझे वडील तेच दळतात, सगळं जग तेच खा म्हणतं. ती म्हणाली, बहुतेकांसाठी ते खरंच आहे, त्यातही किती आणि कुठल्या प्रकारचं यावर जाणकारांचं अजून एकमत नाही, पण अरुंद गल्लीतून उसानं भरलेली गाडी नेऊ नये एवढं नक्की. ऊस मी माझ्या पदरचा घातला, ती लाकडं म्हणाली होती.

आता हे नानांना सांगायचं कसं? पहिल्या रविवारी वाटलं, पुढच्या रविवारी सांगू. पुढच्या रविवारी त्यांनीच विचारलं, "चाळीसन तं नही खातस ना?" आणि मी "नही, नाना" म्हणाले. एकदा खोटं बोललं की ते पुढं आपोआप चालतं, त्याला ढकलावं लागत नाही. मी काय खाल्लं हे ते विचारत आणि मी समोर मऊ भाताची वाटी घेऊन भाकरी, ठेचा, भरीत असं सांगत बसायचे. पोट साफ होतं का? होतं. पीठ संपलं का? संपत आलं, नाना. हे वाक्य मात्र मला महागात पडलं. कारण मग धुळे-जळगावकडून या बाजूला येणारा कुणीही, कुणाचा जावई, कुणाचा विद्यार्थी मुलगा, नानांच्या तावडीतून सुटेना. प्रत्येकाच्या बॅगेत माझ्यासाठी पिठाची एक पिशवी. ती मुलं माझ्या दारात उभी राहून पिशवी द्यायची आणि म्हणायची, "ताई, विमानतळावर हे काय आहे म्हणून विचारत होते." मी ती पिशवी फ्रीजरमध्ये ठेवायचे. टाकवत नव्हती आणि खाता येत नव्हती. तिसऱ्या वर्षी फ्रीजरमध्ये दुसरं काही ठेवायला जागा उरली नाही. प्रत्येक पिशवीवर नानांच्या हातानं निळ्या पेनानं दळल्याचा महिना लिहिलेला असायचा.

हे वाचणाऱ्यांत गावी राहिलेले असतील आणि माझ्यासारखे निघून आलेलेही असतील. निघून आलेल्यांना मी काय म्हणते ते लवकर समजेल. परमुलखात माणसाला माणसं जोडता येतात ती जेवणावरच. आमच्या शहरात मराठी माणसं वर्षातून चार-पाचदा जमतात, प्रत्येक घरून एक पदार्थ. मी माझा डबा घेऊन जायचे. मटकीची उसळ, भरली वांगी, काकडीची कोशिंबीर, लांबच लांब टेबल, आणि मी कोपऱ्यात दहीभात खात बसलेली. डाएट का? उपवास का? आमच्या हातचं चालत नाही वाटतं? ज्यांना पोटाचं थोडंफार सांगितलं त्यांनी एकमतानं इसबगोल, पपई आणि भरपूर कोंडा सुचवला. त्यांचं चुकत नव्हतं. पण दहाव्यांदा तोच सल्ला ऐकून मी जाणं कमी केलं, मग बंद केलं. ऑफिसातही मार्लीन आणि डग यांच्या मधे मी पांढऱ्या पावाचं सँडविच खायचे आणि दोघांनाही वाटायचं की मी दुसऱ्याच्या बाजूला गेले. एकटी जेवायला लागल्यापासून मी उभ्याउभ्या जेवायला लागले. ओट्यापाशी, सिंकजवळ, चार मिनिटांत. हे मी कुणाला सांगितलेलं नाही, इथंच लिहिते आहे.

गेल्याच्या गेल्या हिवाळ्यात मी पाच वर्षांनी गावी गेले. स्टेशनवर माय मला बघून एकदम म्हणाली, "दख, कशी वाळी गई पोर." माझं मनगट नानांनी अंगठा आणि बोटाची कडी करून मापलं, पीठ तपासतात तसं, आणि बॅग उचलून चालायला लागले. दुसऱ्या दिवशी सकाळी गिरणी बंद होती. गावातल्या बायका डबे घेऊन येत होत्या आणि परत जात होत्या. आत नाना दगड उचलून त्याला टाकी लावत बसले होते, छिन्नी-हातोडीनं नवे दात पाडत होते. ते काम ते चार-सहा महिन्यांतून एकदा करतात आणि त्याची पाळी अजून आलेली नव्हती. नव्या टाकीवर पहिलं दळण माझ्यासाठी काढलं, कळण्याचं. पोरगी वाळलीय, तिकडच्या पांढऱ्या पावानं वाळलीय, तिला ताकद यायला हवी, म्हणून त्यांनी ते नेहमीपेक्षा जाड काढलं. आमच्याकडं प्रेम असंच मोजतात. ज्याची काळजी जास्त, त्याचं दळण जाड.

सांगायची हीच वेळ होती. चुलीपुढं माय भाकरी थापत होती, नाना माझ्या समोर मांडी घालून बसले होते, त्यांच्या भुवयांवर अजून पीठ होतं. कापसाच्या पऱ्हाट्यांवर भाजलेल्या वांग्यांचं भरीत, कांद्याची पात, तेल. मी तोंड उघडलं आणि माय म्हणाली, "काय दखस? खाय." मी खाल्ली. खरं सांगायचं तर मी नुसती त्यांच्यासाठी नाही खाल्ली. तीन वर्षं सिंकजवळ उभी राहून जेवलेली मी, कुणीतरी समोर बसून वाढत होतं, आणि मला ती भाकरी हवी होती. एक खाल्ली, अर्धी आणखी घेतली. दुसऱ्या दिवशीही खाल्ली. काही झालं नाही. मला वाटलं, कॅनडातल्या डॉक्टरांना काय कळतं, मायच्या हातचं आहे, हे लागणार नाही. शिकलेल्या, लॅबमध्ये काम करणाऱ्या बाईनं असा विचार केला, हे लिहितानाही लाज वाटते.

तिसऱ्या दिवशी दुपारी पोट दगडासारखं झालं. उलट्या थांबेनात. शेजारच्यांच्या गाडीतून मला धुळ्याला नेलं. दवाखान्यात नाकातून नळी घातली, सलाईन लावलं, पाण्याचा घोटही बंद. माझ्या फोनमधले जुने रिपोर्ट तिथल्या तरुण डॉक्टरनं शांतपणे वाचले. ऑपरेशनची वेळ येते की नळीनंच सुटतं, हे दोन दिवस बघू म्हणाला. मग त्यानं नानांकडं वळून सगळं सांगितलं. आतडं कसं अरुंद झालंय, जाडंभरडं धान्य आणि सालाची डाळ तिथं कशी अडकते, आणि हे ताईंना आधीपासून माहीत आहे, त्यांच्या डॉक्टरांनी लेखी दिलेलं आहे.

नानांनी त्याला पहिला प्रश्न विचारला तो असा: "साहेब, किती बारीक दळलं तर चालेल?"

"काका, साल बारीक केली तरी ती सालच राहते," डॉक्टर म्हणाला. त्याचा आवाज चांगला होता. तो गेल्यावर नाना माझ्या पलंगाच्या पायथ्याशी उभे राहिले.

"तुले माहीत व्हतं?"

मी मान डोलावली.

"कव्हयपाईन?"

"तीन वरीस."

"मंग माले कसाले नही सांगं?"

"तुम्हले वाईट वाटी, म्हनीसन."

"आते माले भलतं चांगलं वाटी ऱ्हायनं का मंग?" ते म्हणाले, आणि खिडकीकडं तोंड करून उभे राहिले. मग भिंतीला सांगितल्यासारखं म्हणाले, "जाडं दळं मी. तुनासाठे जाडं दळं." नाना रागावले असते तर मी माफी मागून मोकळी झाले असते. पण त्यांना स्वतःचीच भीती वाटली होती, पोरीला आपल्या हातानं काहीतरी झालं याची. ती भीती मीच त्यांच्या हातात दिली होती, दर रविवारी, थोडी थोडी.

ऑपरेशन करावं लागलं नाही. पाचव्या दिवशी मला घरी सोडलं. नानांनी दोंडाईच्याच्या बाजारातून बारीक जाळीची चाळणी आणली होती. गिरणीच्या पायरीवर बसून, सगळ्या गावासमोर, त्यांनी कळण्याचं पीठ तीनदा चाळलं. येणारे-जाणारे बघत होते. ज्या बाईला त्यांनी पूर्वी चाळणीवरून पिडलं होतं तीही डबा घेऊन मुकाट उभी राहिली. चाळलेलं पीठ पातेल्यात घेऊन ते माझ्याकडं आले. "दख आते," म्हणाले. त्यात उडदाच्या सालाचे काळे ठिपके दिसत होते. मला वाटलं, एक घास खाऊन टाकावा, आयुष्यभराचा प्रश्न मिटेल. पण मी म्हणाले, "नाना, हे बी माले चालत नही." इतक्या वर्षांत त्यांच्याशी जेवणाबद्दल बोललेलं ते माझं पहिलं खरं वाक्य. त्यांनी पातेलं नेऊन म्हशीपुढं ठेवलं आणि गिरणी सुरू करायला गेले.

कॅनडात परत आल्यावर आमचं एक ठरलं, म्हणजे नानांनी ठरवलं. दर रविवारी त्यांच्या रात्रीच्या जेवणाला फोन लावायचा, समोरासमोर दिसेल असा. तेव्हा माझ्याकडं सकाळचे आठ वाजलेले असतात. मी सकाळी आठला मऊ भात आणि वरणाचं पाणी खायला शिकले. टेबलावर, बसून. माय फोन तांब्याला टेकवून ठेवायची, त्यामुळं मला नानांचा चेहरा दिसायचा आणि ताट दिसायचं नाही. कसं चाललंय विचारलं की नाना म्हणायचे, "बठ्ठं चांगलं शे," म्हणजे सगळं ठीक आहे. मी तृप्त होते. घर परत मिळालं असं वाटत होतं. आम्ही दोघं एकमेकांशी खरं बोलतो आता, असं मी मार्लीनला सांगितलंसुद्धा.

मागच्या दिवाळीच्या आधी एका रविवारी नाना फोनवर आलेच नाहीत. माय एकटी होती. "तुना बाप दवाखानामा जाई उना," ती म्हणाली, दवाखान्यातून येऊन नाना आत पडले होते, आणि मग तिला राहवलं नाही म्हणून सगळं सांगून टाकलं. चार महिन्यांपासून नानांनी भाकरीला हात लावला नव्हता. रविवारी माझ्याबरोबर म्हणून आधी मऊ भात घेतला, मग पोरगी रोज खाते तर मीही रोज खाईन म्हणून दोन्ही वेळा तोच. भाजी नाही, साल नाही, काही नाही. सत्तरी ओलांडलेला, जन्मभर कोंड्यावर पोसलेला माणूस. व्हायचं तेच झालं. आठ-आठ दिवस पोट साफ होईना, पोटात गोळा धरला, मूळव्याध उलटली, रक्त गेलं. दोंडाईच्याच्या डॉक्टरांनी कपाळाला हात लावला. गिरणीवाल्या माणसाला इसबगोल लिहून द्यायची त्यांच्यावर पाळी आली. आणि दर रविवारी हाच माणूस मला बठ्ठं चांगलं शे म्हणत होता. खोटं कसं बोलायचं हे त्यांना शिकवायला माझ्याशिवाय दुसरं कुणी नव्हतं.

मी मायला म्हटलं, त्यांना बोलाव. ते येऊन बसले. फोन तांब्याला टेकवलेलाच होता, मी मायला तो मागं सरकवायला सांगितला, म्हणजे ताट दिसेल. भाताची वाटी होती, पाण्यासारख्या वरणाची वाटी होती. त्या ताटाकडं बघून मला वाईटही वाटलं आणि रागही आला, दोन्ही एकदमच.

"नाना, तुम्ही तुम्हनी भाकर खा. मी मना भात खास."

रुसलेलं पोर करतं तसा चेहरा त्यांनी केला.

"मंग संगे कसं व्हई ते?" ते म्हणाले.

मी लॅबमध्ये बसून ज्या गोष्टीचा आकडा काढते ती कुणाला औषध आहे आणि कुणाला धोका, हे मी आता दहा वाक्यांत समजावून सांगू शकते. मार्लीनला सांगितलंय, डगलाही सांगितलंय, दोघांनाही ते पटलेलं नाही. पण दोन माणसांना एकच घास चालत नसेल तर त्यांनी सोबत कसं जेवायचं, हे मला कुठल्या तज्ज्ञानं सांगितलेलं नव्हतं. तेवढ्यात मायनं मागून काही न विचारता त्यांच्या ताटात भाकरी टाकली. त्यांनी तिच्याकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, आणि तुकडा मोडला.

इथले लोक मला विचारतात, घरी परत जाणार का. गावचे लोक विचारतात, तिकडंच राहणार का. घर म्हणजे माझ्यासाठी कित्येक वर्षं एक चव होती, ती गेली. त्या चवीशिवाय गाव माझं राहील का, याची मला फार भीती वाटायची, आणि काही काळ ते राहिलंही नाही. आता घर म्हणजे रविवार सकाळचा एक तास आहे. तेवढाच आहे, आणि बाकीच्या दिवसांना तो पुरत नाही, हेही सांगायला हवं. सोमवारी सकाळी आठ वाजता माझं टेबल रिकामं असतं.

पण त्या तासात नाना त्यांची भाकरी खातात आणि मी माझा भात. माझ्या ताटात काय आहे ते आता विचारत नाहीत. शेवटी फक्त "जेवनी का पोटभर?" असं विचारतात, आणि मी खरं सांगते. बऱ्याच रविवारी ते "नही" असतं. मग नाना हातातला तुकडा तसाच धरून बसून राहतात, आणि मी आणखी दोन घास खाईपर्यंत फोन ठेवत नाहीत.